परीक्षा पास झालेला कवी

एकपात्री प्रयोगाचं गणित वरवर सोपं असतं. नट एक, सामान एका बॅगेत मावेल एवढं, आणि एस.टी.च्या लाल डब्यातून दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा तोच खेळ. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं एकट्याने उभी केली. पु.लं.नी अख्खी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली. आमच्या नाट्यमंडळाची उडी एवढी मोठी नाही. आम्हाला एकच माणूस उभा करायचाय, आणि तोही पाच फुटांहून जेमतेम वर गेलेला. जॉन कीट्स. चाळीस मिनिटांचा प्रयोग, आपलं कॉलेज धरून तीन कॉलेजांत फिरवायचा, आणि संहितेचं काम आलं माझ्या गळ्यात. कारण काय, तर मी कॉन्व्हेंटची! इंग्रजी कवी हे कॉन्व्हेंटवाल्यांचं खातं, असा हॉस्टेलवर सर्वमान्य समज आहे.

शाळेत आम्हाला कीट्स होता हे खरं. कवितेच्या वर चौकटीत कविपरिचय. नाजूक प्रकृतीचा, सौंदर्याचा पूजक, टीकाकारांचे घाव सहन न होऊन पंचविसाव्या वर्षी वारला. झाला कीट्स. पाच मार्कांना पुरेसा. संहितेसाठी म्हणून त्याचं चरित्र नीट वाचायला घेतलं तेव्हा कळलं की या चौकटीत एक मोठी गोष्ट गाळलेली आहे. हा मनुष्य प्रोफेशनल कोर्सचा विद्यार्थी होता. आपल्यासारखाच जर्नल, लेक्चर, प्रॅक्टिकल, ओरल यातून गेलेला. आणि तो नापास होऊन कवितेकडे वळला नाही. पास झाला, लायसन्स मिळवलं आणि मग सोडलं.

संहितेच्या पहिल्या पानावर मी एक नियम लिहिला: प्रयोगात त्याच्या कवितेची एकही ओळ येणार नाही. (या लेखातही येणार नाही.) नाट्यमंडळाच्या सरांना हे अजिबात पटलं नाही. कवीवरचा प्रयोग आणि कविता नाही, म्हणजे वरणभातात वरण नाही, असं ते म्हणाले. पण माझं म्हणणं असं की कविता सुरू झाली की लोक मान डोलवायला लागतात आणि माणूस हातचा निसटतो. मला माणूस हवाय.

जन्म ३१ ऑक्टोबर १७९५, लंडन. वडील सासऱ्यांच्या घोड्यांच्या पागा सांभाळायचे. म्हणजे सरदारघराणं वगैरे काही नाही, आजच्या भाषेत गॅरेजवाल्याचा मुलगा. जॉन आठ वर्षांचा असताना वडील घोड्यावरून पडून गेले. आईने दोनच महिन्यांत दुसरं लग्न केलं, ते टिकलं नाही, मुलं आजीकडे वाढली. आई परत आली ती आजारी होऊनच. चौदा वर्षांच्या जॉनने तिची शुश्रूषा केली. रात्र रात्र खुर्चीत बसून राहायचा, औषध स्वतः द्यायचा, दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचा नाही. १८१० च्या मार्चमध्ये ती क्षयाने गेली. आजारी माणसाच्या उशाशी बसायची त्याची ही पहिली वेळ. अशा आणखी यायच्या होत्या.

शाळेत तो प्रसिद्ध होता तो मारामारीसाठी! उंचीने सगळ्यांत लहान, पण अंगावर आलेल्याला सोडायचा नाही. मग एकाएकी पुस्तकांच्या मागे लागला आणि जेवतानाही वाचायला लागला. हेडमास्तरांचा मुलगा चार्ल्स कौडन क्लार्क त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याने याला पुस्तकं पुरवली. नाजूक कवीची कल्पना डोक्यात असलेल्या आमच्या नटाला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, म्हणजे मी पहिल्या सीनला बाह्या सरसावून येऊ का? ये म्हटलं.

पालक म्हणून नेमलेला रिचर्ड अ‍ॅबी हा चहाचा व्यापारी. त्याने व्यवहारी विचार केला: पोरगं हुशार आहे, वैद्यकीला घाला. चौदा-पंधराव्या वर्षी कीट्स एडमंटनच्या थॉमस हॅमंड नावाच्या डॉक्टरकडे उमेदवारीला लागला. तिथून १ ऑक्टोबर १८१५ ला लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये नाव घातलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नवीन कायदा आला होता. पाच वर्षांची उमेदवारी, शिवाय हॉस्पिटलचा अनुभव आणि वर परीक्षा, तरच लायसन्स. थोडक्यात, सिलॅबस बदलला आणि पहिली बॅच यांची. हे दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको.

हॉस्पिटलमध्ये नाव घातल्यावर महिन्याभरातच त्याची 'ड्रेसर' म्हणून निवड झाली. ही हुशार मुलांनाच मिळणारी जागा. काम मात्र ऐकूनच पोटात गोळा येतो. सर्जनच्या मागे मलमपट्टीची पेटी घेऊन वॉर्डातून फिरायचं, जखमा धुवायच्या, दात उपटायचे, आठवड्याची पाळी आली की रात्री-अपरात्री येणारे अपघात बघायचे. आणि ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला धरून ठेवायचं. धरून ठेवायचं, कारण भूल नव्हतीच. ईथर वापरात आलं १८४६ साली, म्हणजे तीस वर्षांनी. ज्या सर्जनच्या हाताखाली कीट्स होता, त्या विल्यम लुकासच्या जड हाताची ख्याती सगळ्या हॉस्पिटलात होती. एक वीस वर्षांचा मुलगा, टेबलावर शुद्धीत असलेला माणूस, आणि करवत चालवणारा चुकणार हे सगळ्यांना माहीत!

त्याची शरीरशास्त्राची वही अजून शिल्लक आहे. नोट्स व्यवस्थित आहेत, आणि समासात फुलं काढलेली आहेत. हे वाचल्यावर मी माझी थर्मोची वही उघडून बघितली. आमच्या समासात फुलं नाहीत, फक्त तारखेपर्यंत किती दिवस उरले त्याच्या रेघा आहेत. असो.

२५ जुलै १८१६. परीक्षा. कीट्स पहिल्या झटक्यात पास. त्याच्या रूममेटने पुढे सांगून ठेवलं की लॅटिन चांगलं होतं म्हणून निघाला. (रूममेट कुठल्याही शतकातले असोत!) वय वर्षं वीस, प्रॅक्टिस करायला एकवीस पूर्ण लागायची. म्हणजे हातात पात्रता आहे आणि तीन महिने थांबायचंय. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ली हंटच्या 'एक्झॅमिनर'मध्ये त्याची पहिली कविता छापून आली होती. ऑक्टोबरमध्ये एका रात्री तो आणि क्लार्क चॅपमनने केलेलं होमरचं जुनं भाषांतर वाचत बसले. पहाटे कीट्स पायी घरी गेला आणि सकाळी दहाच्या सुमारास क्लार्क नाश्त्याला आला तर टेबलावर चौदा ओळींची कविता पोचलेली. त्या कवितेत एक घोळ आहे. पॅसिफिक पहिल्यांदा पाहणारा स्पॅनिश माणूस बाल्बोआ, आणि कीट्सने लिहिलाय कोर्तेझ. दोनशे वर्षं झाली, लोक अजून त्यावर वाद घालताहेत. रात्रभर जागून सकाळी सबमिशन केलं की असं व्हायचंच.

पण त्याने वैद्यकी का सोडली? कविपरिचयवाले म्हणतील, काव्याची ओढ. ती होतीच. पण त्याचा मित्र चार्ल्स ब्राउनने जे लिहून ठेवलंय ते मला जास्त खरं वाटतं. कीट्सने एका माणसाच्या कानशिलाजवळची रक्तवाहिनी उघडण्याचं छोटं ऑपरेशन केलं. ते उत्तम पार पडलं. पण हात चालू असताना डोक्यात भलतेच विचार चालले होते, आणि तरी काही वाईट झालं नाही, याचीच त्याला धडकी भरली. त्यानंतर त्याने शस्त्र हातात धरलं नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आपलं लक्ष कामात नाही आणि कामात माणसाचा जीव आहे, हे कळल्यावर बाजूला होणं.

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असा एक तरी आहे, ज्याचं मन सर्किटमध्ये नाही, गिटारमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे. त्याला घरचे, सर, मेसच्या काकूसुद्धा एकच सांगतात, आधी डिग्री घे, मग काय ते कर. कीट्सने अक्षरशः हेच केलं. आधी परीक्षा, मग काय ते. त्यामुळे पुढचं सगळं सुरळीत झालं, असं मात्र मी लिहू शकत नाही. अ‍ॅबीला त्याने निर्णय सांगितला तेव्हा अ‍ॅबी भडकला, मूर्ख म्हणाला. मार्च १८१७ मध्ये पहिलं पुस्तक निघालं आणि पडलं. प्रकाशकालाच पस्तावा झाला. पैशांची ओढाताण सुरू झाली ती शेवटपर्यंत. यातला संतापजनक भाग असा की आजोबांनी ठेवलेल्या पैशांतला त्याचा हिस्सा लंडनच्या चॅन्सरी कोर्टात पडून होता, आणि तो आहे हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. १८१९ मध्ये तर हिंदुस्थानला येणाऱ्या जहाजावर सर्जन म्हणून नोकरी धरावी का, असा विचार तो गंभीरपणे करत होता. लायसन्स होतंच. आला असता तर? हा 'जर-तर' मी संहितेत घालणार होते, सरांनी काढायला लावला, आणि त्याबाबतीत सरांचं बरोबर होतं.

१८१८ हे वर्ष प्रयोगात सगळ्यांत जास्त वेळ खाणार. जूनमध्ये एक भाऊ, जॉर्ज, बायकोला घेऊन अमेरिकेला निघून गेला. उन्हाळ्यात कीट्स ब्राउनबरोबर उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड पायी फिरला, शेकडो मैल. पावसात, चिखलात, ओटच्या भाकरीवर दिवस काढत. ऑगस्टमध्ये बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वोच्च डोंगर चढला. हा तुमचा नाजूक प्रकृतीचा कवी! पण मल बेटावर धरलेला घसा बरा होईना, म्हणून ट्रेक अर्धा टाकून बोटीने परतला. घरी धाकटा भाऊ टॉम क्षयाने अंथरुणाला खिळलेला.

त्याच दिवसांत मासिकांनी त्याची सालटी काढली. 'ब्लॅकवूड्स'ला त्याच्या एका मित्राच्या भोळेपणामुळे कळलं होतं की हा औषधवाल्यांतला आहे. मग काय, टीका कवितेवर राहिलीच नाही. पोरा, परत दुकानात जा, गोळ्या आणि मलमं वळ, उपाशी कवीपेक्षा उपाशी कंपाउंडर बरा, असा एकूण सूर. पागेवाल्याच्या पोराने ग्रीक देवांवर लिहावं याचा तो राग होता. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'नेही झोडपलं.

लागलं का त्याला? लागलं असणारच. पण प्रकाशकांच्या हेसीला त्याने पत्र लिहिलं त्यात सांगितलं की मी स्वतःवर करतो ती टीका याहून कितीतरी जास्त बोचते. आणि तो हे लिहीत होता तेव्हा शेजारच्या खाटेवर अठरा वर्षांचा टॉम खोकत होता. टॉम १ डिसेंबर १८१८ ला गेला. क्षय संसर्गाने होतो हे इंग्लंडच्या डॉक्टरांना तेव्हा मान्य नव्हतं. लहानशी खोली, थंडीमुळे बंद खिडक्या, आणि महिनोन् महिने एकट्याने केलेली सेवा. माझ्या मते कीट्सला कुठे मारलं हे शोधायचं तर मासिकाची पानं उलटण्याऐवजी त्या खोलीत जावं. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ साली.

यानंतरचं वर्ष, १८१९, हे ज्याच्यामुळे तो आपल्या पाठ्यपुस्तकात आला ते. जी काव्यं जगभर शिकवली जातात त्यातली बहुतेक त्या एका वर्षात झाली. वसंतात ब्राउनच्या घरच्या बागेत आलुबुखाराच्या झाडाखाली खुर्ची टाकून बुलबुलासारख्या गाणाऱ्या नाइटिंगेलवर लिहिलं, आणि १९ सप्टेंबरला विंचेस्टरच्या शेतांतून फिरून आल्यावर शरद ऋतूवर. याबद्दल मी लिहित नाही, नियम माझाच आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं.

याच घराच्या दुसऱ्या भागात एप्रिलपासून ब्रॉन कुटुंब राहायला आलं. फॅनी ब्रॉन, वय अठरा. (कीट्सच्या बहिणीचंही नाव फॅनी. संहितेत या दोघींनी मला छळलंय.) दोघांचं लग्न ठरलं, पण करणार कशावर? फॅनीवरून आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत जास्त भांडण झालं. मुलींचं म्हणणं, तिला संवाद द्या. पण कीट्सने तिला लिहिलेली पत्रं उरली, तिने त्याला लिहिलेली उरलीच नाहीत. ती १८७८ मध्ये छापलेली पत्रं वाचून लोक तिला दोष देत बसले, आणि तिची बाजू कुठेच नाही. तिच्या तोंडी मनाचं काही घालायला माझा हात धजत नाही. स्टेजवर तिच्यासाठी एक रिकामी खुर्ची ठेवलीय.

आता मेणबत्तीचा प्रवेश. ३ फेब्रुवारी १८२०, कडाक्याची थंडी. भाडं वाचावं म्हणून कीट्स घोडागाडीच्या टपावर बसून लंडनहून आला. घरी आला तो तापाने फणफणलेला. ब्राउनने त्याला अंथरुणात घातलं. खोकला आला, उशीच्या चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्याने ब्राउनकडे मेणबत्ती मागितली, थेंब निरखून पाहिला, आणि शांतपणे सांगितलं की हा रंग मला माहीत आहे, हे धमनीचं रक्त आहे, आता मी वाचत नाही. दुसऱ्या कुठल्याही कवीने तो थेंब पाहून घाबरून हाका मारल्या असत्या. याने निदान केलं. सहा वर्षांच्या शिक्षणाचा शेवटचा उपयोग हा असा झाला. हा प्रवेश लिहिताना मी तीन वेळा उठून पाणी पिऊन आले.

उपचार म्हणजे उपासमार आणि आणखी रक्त काढणं. डॉक्टरांनी इटलीची हवा सांगितली. प्रकाशक टेलरने पैशांची सोय केली. सोबत जायला मात्र कुणी मिळेना, शेवटी जोसेफ सेव्हर्न हा सव्वीस वर्षांचा चित्रकार चार दिवसांत, वडिलांचा मार खाऊन, तयार झाला. १७ सप्टेंबरला 'मारिया क्राउथर' या जहाजावर चढले. लंडनमध्ये साथ होती म्हणून नेपल्सला जहाज दहा दिवस क्वारंटाइनमध्ये अडकलं. २०२० नंतर हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. सुटका झाली ३१ ऑक्टोबरला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी.

रोममध्ये घर मिळालं स्पॅनिश जिन्याच्या बाजूचं. सुरुवातीला एक गंमत झाली. खानावळीतून येणारं जेवण इतकं भिकार की एके दिवशी कीट्सने खिडकी उघडली आणि एकामागून एक पदार्थ खाली चौकात ओतले. काही वेळाने उत्तम जेवण आलं, आणि पुढेही येत राहिलं. मेस कमिटीने नोंद घ्यावी! प्रयोगात एवढी एकच हशा येईल अशी जागा आहे, ती नटाने घाईत वाया घालवू नये अशी विनंती आहे.

डॉक्टर जेम्स क्लार्क भला माणूस होता, पण त्याला वाटलं दुखणं पोटाचं आहे. त्याने रक्त काढलं, आणि दिवसाला एक लहान मासा आणि पावाचा तुकडा एवढ्यावर ठेवलं. कीट्स भुकेने रडायचा. त्याने येताना सोबत अफूच्या अर्काची बाटली घेतली होती. ती त्याने मागितली. का मागतोय हे सेव्हर्नला कळलं. मग कीट्सने त्याला, एखादा डॉक्टर विद्यार्थ्याला समजावतो तसं, पुढे काय काय होणार ते क्रमाने सांगितलं, आणि हे सगळं तुला एकट्याला बघावं लागेल, म्हणून दे म्हणाला. सेव्हर्नने बाटली क्लार्कच्या हवाली केली. कोण बरोबर? यावर तालमीत आम्ही दोन संध्याकाळी भांडलो. माझं मत कीट्सच्या बाजूने आहे. पण सेव्हर्नच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

रात्री जागून सेव्हर्नचा डोळा लागायचा आणि मेणबत्ती विझून खोलीत अंधार व्हायचा. म्हणून त्याने एका मेणबत्तीच्या बुडापासून दुसरीच्या वातीपर्यंत दोरा बांधला. पहिली संपली की ज्योत दोऱ्यावरून सरकत जाऊन दुसरी आपोआप पेटायची. चित्रकाराने केलेलं हे ऑटोमेशन! कीट्सने जागेपणी ते बघितलं आणि लहान मुलासारखा हरखला. स्टेजवर हे करून दाखवायचा आमचा विचार आहे, मेकॅनिकलवाल्यांनी दोरा किती जाड हवा ते कळवावं.

२३ फेब्रुवारी १८२१, रात्री अकरा. तो सेव्हर्नच्या हातांत गेला. शरीर उघडून पाहिलं तेव्हा फुप्फुसं जवळजवळ उरलीच नव्हती. संसर्ग मानणाऱ्या रोमच्या कायद्याप्रमाणे खोलीतलं सामान जाळलं, भिंती खरवडल्या. कायदा इंग्लिश डॉक्टरांपेक्षा शहाणा निघाला. फॅनीची शेवटची पत्रं त्याने उघडलीच नव्हती, ती तशीच त्याच्याबरोबर पुरली.

मग मित्रांनीच गोष्ट बिघडवली. टीकाकारांनी मारलं असं शेलीने मानलं आणि त्यावर मोठं शोककाव्य लिहिलं. बायरनने त्याची थट्टा केली. कबरीवर नाव नको, पाण्यावर नाव लिहिलेला कुणी इथे आहे एवढंच असू दे, अशी कीट्सची इच्छा होती. ब्राउन आणि सेव्हर्नने त्याच्या वर शत्रूंच्या दुष्टपणाचे शब्द घातले. शाळेतली ती चौकट तिथून आली. पुढे दोघांनाही त्याचा पस्तावा झाला.

सेव्हर्न त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं जगला, रोममध्ये ब्रिटिश कॉन्सल झाला, आणि भेटायला येणाऱ्यांना कीट्सच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत राहिला. १८७९ मध्ये तो पंचाऐंशी वर्षांचा होऊन गेला. त्याची कबर कीट्सच्या शेजारी आहे. कीट्सच्या दगडावर अर्ध्या तारा तुटलेलं लायर हे वाद्य कोरलंय, सेव्हर्नच्या दगडावर रंगांची पाटी. कीट्सच्या दगडावर नाव नाहीच. जॉन कीट्स ही अक्षरं वाचायची तर सेव्हर्नच्या दगडावर वाचावी लागतात.